तीन क्लॅरिनेट, एक माउथपीस: तुलना कुठे फसते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हाताशी यामाहा 255 ही प्लास्टिकची क्लॅरिनेट आणि तिच्यासोबत आलेला 4सी माउथपीस, म्हणजे फुंकायचा तोंडाकडचा भाग, आहे. लाकडी क्लॅरिनेट घ्यायची म्हणून तुम्ही एक जुनी बुफे आर13 आणि एक जुनी बूसी अँड हॉक्स 1010 वाजवून पाहिलीत, दोन्ही 4सी लावूनच. आर13 फुंकायला जड लागली. 1010 मोकळी वाजली, पण तिचे थ्रोट टोन, म्हणजे मधले जी ते बी-फ्लॅट हे स्वर, चढे होते. म्हणून आता यामाहाच ठेवावी आणि फक्त माउथपीस बदलावा असं तुमच्या मनात आहे.

माझ्या मते या चाचणीवरून दोन्ही लाकडी वाद्यांना नापास करू नका. 1010 ला तुम्ही तिचा नसलेला माउथपीस लावला होता, आणि आर13 मधून बहुधा हवा गळत असावी.

आधी 1010 बद्दल. तिचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 15.2 मिमी आहे, आर13 चा साधारण 14.6 ते 14.7. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण माउथपीसची आतली पोकळी ही नळीचाच भाग असते. 1010 साठीचे माउथपीस आतून सरळ, वाद्याएवढ्याच रुंदीचे असतात. 4सी किंवा कुठलाही फ्रेंच पद्धतीचा माउथपीस आत निमुळता होत जातो, त्यामुळे पोकळी कमी पडते. परिणाम असा की नळी थोडी आखूड केल्यासारखी होते, आणि हा आखूडपणा सगळ्या स्वरांना सारखा लागत नाही.

हे आकड्यांत बघा, कारण सुराचा सगळा घोळ इथेच आहे. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर मोकळ्या जीला, म्हणजे एकही भोक न झाकता वाजणाऱ्या स्वराला, हवेचा स्तंभ जेमतेम 25 सेंटिमीटरचा असतो. तळच्या ईला तो 59 च्या आसपास असतो. नळीची लांबी 1 मिमीने बदलली तर मोकळा जी सुमारे 7 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हलतो, थ्रोटचा बी-फ्लॅट 8, आणि तळचा ई फक्त 3. म्हणजे माउथपीस लहान पडला की थ्रोट टोन सगळ्यांत जास्त चढतात. तुम्ही जे ऐकलंत ते नेमकं हेच. बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा छोटा तुकडा, बाहेर ओढून ते उतरवता येतात, पण 2 मिमी ओढलं की थ्रोटचा बी-फ्लॅट 16 सेंट उतरतो आणि लगेच वरचा, सगळी भोकं झाकून वाजणारा बी सहाच. त्या दोन स्वरांमध्ये 10 सेंटचा फरक नव्याने पडतो, आणि तो ओठांनी भरत बसणं हा रोजचा छळ होतो. योग्य बोअरचा माउथपीस लावला तर बॅरलशी एवढं झगडावं लागत नाही.

म्हणून 1010 घ्यायची तर तिच्या मूळ माउथपीससकट किंवा त्याच मापाचा माउथपीस हाती असेल तरच घ्या. ती सुंदर वाद्य आहे. जॅक ब्रायमर आणि जर्व्हेस द पेयर यांचा भरदार, मोकळा आवाज याच क्लॅरिनेटमधून आलेला आहे. पण बाजारात सहज मिळणारे माउथपीस तिच्यासाठी घडलेले नसतात. चांगला फ्रेंच माउथपीस आतून कोरून 1010 ला बसवायचा सल्ला तुम्हाला कुणी देईल. माझा त्याला विरोध आहे. कोरलेला माउथपीस परत पहिल्यासारखा होत नाही, आणि तो दुसऱ्या कुठल्याच क्लॅरिनेटला धड लागत नाही.

आता आर13. हे मॉडेल रोबेर कारे यांनी घडवलं आणि 1955 मध्ये बाजारात आलं. वरच्या जॉइंटचा (वाद्याच्या वरच्या तुकड्याचा) बोअर एकसारखा सरळ नाही, टप्प्याटप्प्याने खाली अरुंद होत जातो. खालचे आणि वरचे स्वर एकमेकांशी जुळावेत म्हणून ही रचना आहे. आजचे बहुतेक फ्रेंच माउथपीस अशाच बोअरचा विचार करून बनतात, त्यामुळे 4सी तिच्यावर वाजायलाच हवा. प्लास्टिकच्या क्लॅरिनेटपेक्षा ती फुंकेला किंचित जास्त प्रतिकार करते हे खरं आहे, पण "जड" हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून मला पॅडची, म्हणजे कीखाली भोकं झाकणाऱ्या गाद्यांची, शंका येते.

तपासायला एक मिनिट लागतं. फक्त वरचा जॉइंट हातात घ्या. सगळी भोकं बोटांनी नीट झाका, खालचं तोंड तळहाताने बंद करा आणि वरून हवा ओढा. ओठ बाजूला केल्यावर बारीक "पॉप" असा आवाज यायला हवा. हवा काही सेकंद धरून राहायला हवी. ती लगेच सुटत असेल तर कुठलं तरी पॅड बसत नाही. कुठलं ते सिगारेटच्या पातळ कागदाने कळतं: कागदाची पट्टी पॅडखाली धरा, की हलकेच मिटा आणि कागद ओढा. चारही बाजूंनी सारखा अडखळायला हवा. खालच्या जॉइंटलाही हेच करा, तिथली मोठी पॅड जास्त वेळा दगा देतात. जॉइंटवर उभी चीर आहे का तेही उजेडात पाहा. गळक्या वाद्यावर माउथपीसची निवड करणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय.

पॅड ठीक झाली की वाद्यांची तुलना आवाजावरून नाही, सुरावरून करा. क्लॅरिनेटवर रजिस्टर की (डाव्या अंगठ्याची की) दाबली की सप्तक न मिळता वरच्या सप्तकातला पंचम मिळतो: तळचा जी सा मानला तर वर डी मिळतो, म्हणजे तार पंचम. या जोड्या किती शुद्ध आहेत यावर वाद्याची किंमत ठरते. वाद्य गरम होऊ द्या. मग ई-बी, एफ-सी, जी-डी, ए-ई अशा जोड्या वाजवा, ओठांची पकड बदलू नका, आणि ट्यूनर दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. स्वतः बघितलं की ओठ नकळत दुरुस्ती करतात. तळचा ई आणि एफ थोडे उतरलेले असणं बहुतेक फ्रेंच क्लॅरिनेटना असतंच, त्याला घाबरू नका. मधल्या जोड्या फाटलेल्या निघाल्या तर मात्र वाद्य सोडून द्या, कारण ते माउथपीसने सुधारणार नाही. तिन्ही वाद्यांना तीच रीड, म्हणजे माउथपीसवर बसणारी कंप पावणारी पातळ पट्टी, वापरा, ओली करून.

माउथपीसचं काम इथून पुढे. दोन मापं लक्षात ठेवा: टोकाचं अंतर, म्हणजे रीड आणि माउथपीसच्या टोकामधली फट, आणि फेसिंगची लांबी, म्हणजे रीड जिथून माउथपीसपासून सुटू लागते तिथून टोकापर्यंतची. 4सी ची फट 1.05 मिमी आणि फेसिंग 19 मिमी आहे. व्हँडोरेन या माउथपीस बनवणाऱ्या कंपनीच्या 5आरव्ही लायरची फट 1.09, एम30 ची 1.15, बी45 ची 1.195. फट मोठी तशी रीड हलकी लागते. फट लहान आणि फेसिंग लांब असेल तर रीड कडक चालते. माउथपीस बदलून रीड तीच ठेवली तर माउथपीसबद्दल चुकीचं मत बनतं, हे मी वारंवार पाहतो.

सरळ सांगायचं तर आर13 दुरुस्त झाली आणि जोड्या बऱ्या निघाल्या की तीच घ्या. तिला 5आरव्ही लायर आणि एम30 दोन्ही लावून पाहा. 4सी ची सवय आहे म्हणून लायर लगेच ओळखीचा वाटेल. एम30 ला आवाजात जास्त गोलाई आहे, पण पकड पक्की हवी. बी45 इतक्यात नको, त्या फटीसाठी ओठांची ताकद अजून यायची आहे. एक बारीक गोष्ट: व्हँडोरेनच्या 13 मालिकेतले माउथपीस ए 440 हर्ट्झच्या सुरासाठी आहेत, बाकीचे 442 साठी. तुमच्या वाद्यवृंदाचा सूर काय आहे ते आधी विचारा, नाहीतर विनाकारण बॅरल ओढत बसाल.

विकत घेण्याआधी माउथपीस सपाट काचेवर ठेवा, टोकाकडून पातळ कागद आत सरकवा. दोन्ही बाजूंना तो सारख्याच ठिकाणी अडायला हवा. एका बाजूला पुढे गेला तर रीड चिरकणार, मग माउथपीसवर नाव कुणाचंही असो. लिगेचरची, म्हणजे रीड माउथपीसला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची, चिंता सध्या करू नका.

यामाहा विकू नका. पावसात आणि उघड्यावर वाजवायला ती लाकडीपेक्षा कितीतरी बरी. आर13 च्या पॅडची चाचणी झाली की चारही जोड्यांचे सेंट इथे लिहा, 4सी वरचे आणि नव्या माउथपीसवरचे वेगवेगळे. बॅरल 65 मिमीचं हवं की 66 चं, ते त्यावरून सांगता येईल.