फोन वाजला नाही म्हणून

प्रिय दोस्ता,

तुझा मेल वाचला. महिनाभर ऑन-कॉल होतास, म्हणजे कंपनीची सिस्टिम बिघडली तर कधीही उठून बघायला तयार; फोन एकदाच वाजला, तोही बिघाडाचा इशारा, म्हणजे अलर्ट, खोटा निघाला. मग मोबदल्याचा विषय कोणत्या तोंडाने काढू, असं विचारतोस. वर लिहितोस, 'तसा मी रिकामाच होतो.' रिकामा होतास तर नाटकाचं तिकीट मित्राला का देऊन टाकलंस? आंघोळीला जाताना फोन आत का नेत होतास?

वाट पाहणं हेही काम आहे. हे तुझ्या मॅनेजरआधी तुला पटायला हवं.

2018 मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने बेल्जियममधल्या निवेल शहराच्या एका स्वयंसेवी अग्निशामकाच्या खटल्यात निकाल दिला. पाळी असताना घरी थांबायचं आणि बोलावणं आलं की 8 मिनिटांत केंद्रावर हजर व्हायचं, अशी अट होती. न्यायालयाने ही वेळ कामाचीच धरली, कारण इतक्या घट्ट अटीत माणसाला स्वतःचं म्हणून फारसं काही करता येत नाही. त्या वेळेचे पैसे किती, हे मात्र त्या निकालाने ठरवलं नाही आणि तो कायदा तुला लागूही नाही. पण त्यातला विचार घे. म्हणून मॅनेजरला आधी एवढंच विचार: अलर्ट आल्यावर किती मिनिटांत लॅपटॉपसमोर बसायचं? तासाभराची मुभा असेल तर तू बाजारात जाऊ शकतोस, पोहू शकतोस. पाच मिनिटं असतील तर ती संध्याकाळ कंपनीची आहे, फोन वाजो न वाजो. 'जमेल तसं बघ' हे उत्तर घेऊ नकोस. त्याचा अर्थ सगळं बिनसलं की तुझ्या अंगावर येतो.

तू लिहितोस, रोटा, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, असा नाहीच, 'सगळेच बघतात'. सगळे कुठे बघतात रे? ज्याला प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) बंद पडलेलं बघवत नाही, तो बघतो. आणि तुझ्या मेलवरून तो तूच दिसतोस. गूगलमध्ये सिस्टिम सांभाळणाऱ्या टीम्सचा हिशोब जाहीर आहे. एक इन्सिडेंट, म्हणजे एक बिघाड, त्याचं मूळ शोधणं आणि पोस्टमॉर्टेम (काय बिघडलं, का बिघडलं याचा अहवाल) लिहिणं धरून सरासरी 6 तास खातो. म्हणून 12 तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त नकोत. एकाच ठिकाणच्या टीमला प्रायमरी (पहिला फोन घेणारा) आणि सेकंडरी (त्याच्या मदतीला असणारा) आलटून पालटून लावायचे तर किमान आठ माणसं लागतात, असंही ते धरतात. तुम्ही चौघं आहात. त्यात तू नवा, आणि रनबुक, म्हणजे बिघाड झाला तर काय करायचं याची टिपणं, कोणी लिहिलेलं नाही.

गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं काही वेळ धड चालत नाही. अशा वेळी एकट्याने डेटाबेसवर कमांड चालवायची नाही, सेकंडरीला उठवायचं. त्याची झोप मोडेल याचा संकोच धरू नकोस. तो पाळीवर आहे आणि वाट पाहणं हेही त्याचं काम आहे! त्या खोट्या अलर्टचं तिकीट, म्हणजे दुरुस्तीसाठीची नोंद, मात्र आजच टाक. ज्यावर माणसाने काही करायचंच नाही, त्याने माणसाला उठवता कामा नये.

मी यावर अडून बसले होते, हे तुला कुणी ना कुणी सांगितलं असेलच. लेखी रोटा आणि कॉम्प-ऑफ (जादा कामाबदली सुट्टी) ठरेपर्यंत मी फोन हातात घेतला नाही. 'टीममध्ये मिसळत नाही' असा शेरा मिळाला, बढती दुसऱ्याला गेली. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण माझं काय चुकलं, सांग ना? दिवसा मी कामात कधी कसूर केली नाही. रात्रीचं काम मोजा, एवढंच म्हणत होते. माझ्यानंतर आलेल्या मुलांना रोटा आयता मिळाला. त्यांना तो कुठून आला हे ठाऊक नाही, आणि ते ठीकच आहे.

तू मात्र गोड बोलून टाळशील अशी मला भीती आहे. तसं करू नकोस. उत्तराची मुदत, आठवड्यांची विभागणी, फोन वाजला नाही तरी मिळणारा भत्ता आणि रात्र गेली तर दुसऱ्या दिवशीची सुट्टी, इतकं मेलमध्ये लिही. बैठकीत तोंडी बोलू नकोस, विरून जाईल. पाठवण्याआधी मसुदा मला दाखव. 'तसा मी रिकामाच होतो' हे वाक्य त्यात दिसलं तर खोडून परत पाठवेन.

तुझी,
ताई