प्रश्न वाचकांचे : मेड कॅफेचं टेबल सांभाळताना

प्रश्न : कॉलेजच्या अॅनिमे (जपानी कार्टून) मेळाव्यात आम्ही मेड कॅफे लावतोय, म्हणजे मोलकरणीचा झगा-एप्रन घालून पाहुण्यांची सरबराई करायचं जपानी धर्तीचं कॅफे. मी होस्ट आहे. गोड आवाजात बोलायचा सराव चालू आहे. आणखी काय शिकू? (लातूर)

उत्तर : गोड आवाज शेवटी शिका, आधी घड्याळ. तोक्योच्या अकिहाबारात 2001 साली पहिलं कायमचं मेड कॅफे सुरू झालं. तिथल्या बहुतेक कॅफेंत आजही बसायला वेळेची मर्यादा असते. मेळाव्यात एका फेरीला 40 मिनिटं पुष्कळ झाली. स्वागत आणि नियम 3, ऑर्डर 5, खाणं-गप्पा 15, खेळ 10, फोटो 5, निरोप 2. मग टेबल पुसायला 10. कागदावर चार तासांत पाच फेऱ्या बसतात, पण मध्ये श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. चारच लावा.

एका होस्टकडे चौघांची दोनच टेबलं द्या. तिसरं दिलं की ऑर्डरींची अदलाबदल ठरलेली. सगळ्यांना एकदम बसवू नका, दोन टेबलांत तीन-चार मिनिटांचं अंतर ठेवा, म्हणजे स्वयंपाकघरावर एकाच वेळी धाड पडत नाही.

स्वागताचं जपानी वाक्य पुरुषाला ‘ओकाएरिनासाइमासे, गोशुजिन्सामा’ (‘घरी या, मालक’) आणि बाईला शेवटी ‘ओजोसामा’ (‘बाईसाहेब’). मराठीत ‘या पाहुणे, घर तुमचंच’ एवढं पुरे. ‘मालक’ म्हणायला जाऊ नका, आपल्याकडे त्यावर हशा पिकतो आणि तो थांबत नाही. ‘मोए मोए क्यून’ (खाणं गोड व्हावं म्हणून हातानं बदाम करत म्हणायचा गमतीचा मंत्र) करताना एकट्याला उभं करू नका. पोरं टोळक्यानं येतात, एक लाजला की बाकीचे त्याचीच खेचतात. अख्ख्या टेबलाकडून एकदम हाताचं बदाम करून घ्या.

आणि पाहुणे उठतच नाहीत त्याचं काय? ‘वेळ संपली’ म्हटलं की राग येतो, ‘चला, फोटो काढू’ म्हटलं की सगळे उठतात. फोटोचा कोपरा बाहेर जायच्या दाराशी ठेवा. फोटो झाला की माणूस आपसूक बाहेर, टेबल मोकळं.

प्रश्न : ऑम्लेट-भातावर केचपने काढलेलं चित्र पसरतं. शिवाय निम्मे पाहुणे अंडं खात नाहीत. (परभणी)

उत्तर : केचप पसरतं ते तेलामुळे आणि वाफेमुळे. ऑम्लेट भातावर टाकल्यावर टिश्यूने वरचं तेल टिपा, अर्धा मिनिट थांबा, मगच बाटली उचला. बाटली मऊ, पिचकणारी हवी, तोंड साधारण 2 मिलिमीटरचं. तोंडाशी केचप वाळून बसतं आणि पुढची धार फट्‌कन उडते, म्हणून पहिली धार दरवेळी वेगळ्या बशीत सोडा. टोक अंड्यापासून एक सेंटिमीटर वर धरून न थांबता रेघ ओढा. बदाम, मांजराचं तोंड, कान-मिशा एवढ्यावर काम भागतं.

नाव लिहायचं तर अक्षरं आधी, शिरोरेघ शेवटी. आधी रेघ ओढली की ती एक तर लांब होते नाही तर अपुरी पडते. जोडाक्षरं गिजबिजून लाल डाग होतो, तेव्हा विश्वंभररावांना ‘विशू’ करा. कागदावर आधी विचारून घ्या, मोठ्या आवाजात नाव सांगायला कित्येकांना आवडत नाही.

अंडं न खाणाऱ्यांसाठी बेसनाचं धिरडं. पीठ सरसरीत, चिमूट हळद, मंद आच. कडा कडक झाल्या तर भातावर दुमडताना तुटतं. तवा आणि उलथणं वेगळं ठेवा, आणि ते पाहुण्यांना दिसेल असं ठेवा. धपाटे करायचा मोह होईल, पण त्याच्या तांबूस, खरबरीत अंगावर केचप उठून दिसत नाही. ते दह्याबरोबर तसंच द्या, चित्राविना संपतं.

एका शेगडीवर एक ऑम्लेट अडीच-तीन मिनिटं खातं. चोवीस ताटं म्हणजे तासभर. दोन शेगड्या तरी हव्यात. सकाळीच ऑम्लेटं करून झाकून ठेवणं आपल्या उन्हाळ्यात धोक्याचं, अंडं खराब व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : काळा झगा आणि पांढरा एप्रन शिवायचाय. सॅटिन घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : एप्रिल-मे असेल तर मुळीच नको. सॅटिन घाम शोषत नाही आणि काखेतले डाग लांबून दिसतात. 44 इंची पन्ह्याचं सुती पॉपलिन घ्या. गुडघ्यापर्यंतच्या, चुण्यांच्या झग्याला तीन-साडेतीन मीटर, एप्रनला दीड. झालर चुणीदार हवी तर घेराच्या दुप्पट पट्टी कापा. नेटचा पेटीकोट घालायचा तर आत सुती अस्तर हवंच, नाही तर मांड्या सोलून निघतात. खाली सायकलिंग शॉर्ट्स.

एप्रन दोन शिवा. केचपचा डाग आधी थंड पाण्यात धुवा, गरम पाण्यानं तो पक्का बसतो. बूट सपाट आणि वापरून मऊ झालेले. नवी टाच पहिल्याच फेरीत पाय कापते.

प्रश्न : मुलीला होस्ट व्हायचंय. आई म्हणून काळजी वाटते, कुणी छेड काढली तर? (बीड)

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे. आयोजकांना नेमकं विचारा. होस्ट 18 वर्षांवरच्याच आहेत का? बिल्ल्यावर टोपणनाव आहे का? दर टेबलावर नियमांचं कार्ड आहे का : हात लावायचा नाही, नंबर किंवा इन्स्टाग्राम मागायचं नाही, फोटो कॅफेच्याच कॅमेऱ्यानं, सुटायची वेळ विचारायची नाही?

खरा प्रश्न पुढचा : नियम मोडणाऱ्याला बाहेर कोण काढणार? ‘मुलीच सांगतील’ असं उत्तर आलं तर पाठवू नका. त्यासाठी हॉलमध्ये सतत उभा असणारा, टेबल न सांभाळणारा एक माणूस हवा. होस्टनं रिकामा ट्रे छातीशी उभा धरला की त्यानं तिथं यायचं, अशी खूण ठरलेली असावी. परतताना दोघीदोघींनी निघावं, झगा बदलून. गंभीर काही घडलं तर 112.

प्रश्न : इन्स्टॅक्सचे (फोटो जागच्या जागी छापून देणाऱ्या कॅमेऱ्याचे) फोटो पिवळट येतात. (नांदेड)

उत्तर : फिल्म तापते. 40 अंशांपर्यंतच ती नीट चालते, आणि मे महिन्यात बंद गाडीत पारा त्याच्या कितीतरी वर जातो. पाकिटं सावलीत, थर्मल पिशवीत ठेवा, बर्फाला थेट टेकवू नका. फ्रीजमधून काढलेलं पाकीट तासभर बाहेर ठेवून मगच फोडा, नाही तर आत दव धरतं. फोटो झटकू नका, उन्हात धरू नका. एका पाकिटात दहाच फोटो येतात, त्यामुळे चौघांच्या टेबलाला माणशी एकेक कबूल करण्याआधी हिशोब करा.