प्रोलॉगमधलं 'नाही' नेमकं काय म्हणतं?

प्रश्न : प्रोलॉग (लॉजिकचे नियम लिहून चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) शिकतोय. विद्यार्थ्यांची यादी दिलीय, त्यातले पास कोण तेही दिलंय. पास न झालेले शोधायच्या नियमात आधी '\+ पास(क्ष)' (\+ म्हणजे प्रोलॉगमधलं 'नाही') आणि मग 'विद्यार्थी(क्ष)' लिहिलं तर एकही नाव येत नाही, उलटं लिहिलं की बरोबर येतं. 'आणि'च्या बाजू बदलल्या तर उत्तर का बदलावं?

उत्तर : बदलायला नकोच, लॉजिकच्या हिशेबाने तुमचं बरोबर आहे. पण \+ हे लॉजिकमधलं 'नाही' नाहीये, ते फक्त एवढंच सांगतं की सिद्ध करून बघितलं, जमलं नाही. आता क्षला अजून किंमतच नाही आणि तुम्ही \+ पास(क्ष) विचारलंत, तर प्रोलॉग बघतं की कुणीतरी पास आहे का, एक जरी सापडला की ते तिथेच फेल होतं, विद्यार्थ्यांपर्यंत पोचतच नाही. तुम्ही विचारलंत 'पास न झालेलं कोण', त्याने घेतलं 'कुणीच पास नाही ना?'. विद्यार्थी(क्ष) आधी आलं की क्षला नाव मिळतं आणि प्रश्न त्या एका नावापुरता उरतो. म्हणून \+ नेहमी नंतर.

या 'नाही'ला नीट अर्थ दिला संगणकशास्त्रज्ञ कीथ क्लार्कने, १९७८ मध्ये : नियमातलं 'जर' हे 'जर आणि तरच' असं वाचायचं, म्हणजे एखादी गोष्ट खरी ठरवणारा कुठलाच नियम लागू नसेल तर ती खोटी. छान कल्पना आहे, पण 'प, जर प नाही' (प खरं नसेल तर प खरं) असा नियम आला की सरळ विसंगती, आणि प्रोलॉग तर त्यात फिरतच बसतं. १९८८ मध्ये गेलफाँड आणि लिफशिट्झ यांनी स्टेबल मॉडेल आणलं, म्हणजे काय काय खरं याचा एक संच धरायचा, त्याच्या आधाराने सगळे 'नाही' निकाली काढायचे आणि उरलेल्या नियमांतून तोच संच परत मिळतो का बघायचं. 'प, जर क नाही' आणि 'क, जर प नाही' यांना अशी दोन मॉडेल्स मिळतात, 'प, जर प नाही'ला एकही नाही. वेल-फाउंडेड ही 'नाही'ला अर्थ द्यायची आणखी एक पद्धत, ती अशा ठिकाणी 'अनिश्चित' म्हणून मोकळी होते. मला स्टेबल मॉडेल जास्त आवडतं, कारण दोन पर्याय असतील तर ते दोन्ही समोर ठेवतं.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये फिरून परत स्वतःपाशीच येणारा नियम नाही, त्यामुळे या सगळ्या पद्धती एकच उत्तर देतील. फक्त ज्याचा निकालच अजून भरलेला नाही त्याचंही नाव यादीत येईल, तेव्हा नापासची नोंद वेगळी ठेवा.