शिनोळीपलीकडची पार्सलं

बेळगावात, शहापूरला साड्यांचं दुकान असलेल्या एका वाचकांचा प्रश्न: दुकानाची स्वतःची वेबसाइट करावी का? एकाने तीन वर्षांचं 96 हजारांचं पॅकेज पुढे ठेवलंय, 'गुगलवर पहिल्या पानाची गॅरंटी' धरून. गेल्या दिवाळीत दुकानाचं सोशल मीडियावरचं पान नऊ दिवस बंद पडलं, ऐन सीझनला गिऱ्हाइकांना फोन नंबरसुद्धा सापडेना, म्हणून हा विचार. उलाढाल वर्षाला 50 लाख, जीएसटी कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या त्या सोप्या योजनेत, जिथे विक्रीवर सरळ 1 टक्का भरायचा, पण खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही. आणि शेवटी, जाता जाता: "दोन वर्षं झाली, चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला महिन्याला पंधरा-वीस पार्सलं जातात. वेबसाइटमुळे शंभर होतील ना?"

वेबसाइटचं नंतर बघू. आधी ती पार्सलं.

कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल पाठवून विकता येत नाही. आपल्याकडे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण चंदगड आपल्याला परमुलूख वाटतच नाही. सोयरिकी तिकडच्या, बस्ता बांधायला माणसं इकडे. सीमाप्रश्नाचं व्हायचं ते होवो, जीएसटीच्या लेखी शिनोळीला महाराष्ट्र, म्हणजे दुसरं राज्य, सुरू होतं. पाचशे किलोमीटरवर बंगळूरला साडी पाठवलीत तर चालेल. हाकेच्या अंतरावरच्या शिनोळीला कुरिअर केलीत की नियम मोडला. गिऱ्हाईक दुकानात येऊन पिशवीतून घेऊन गेलं, ती गोष्ट वेगळी.

सापडलात तर? कंपोझिशन जाईल, नेहमीच्या दराने कर, 18 टक्के व्याज, वर दंड. साडीवर 5 टक्के, म्हणजे 50 लाखांवर अडीच लाख. तुम्ही 1 टक्क्याने भरलेत 50 हजार. फरक वर्षाला 2 लाख, दोन वर्षांचे 4. मागच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, तेव्हा मिळेल, या भरवशावर राहू नका. आणि वेबसाइटवर तुम्ही काय लिहिणार? 'महाराष्ट्रात घरपोच'. स्वतःच्या हातानेच पुरावा.

गंमत म्हणजे हे सगळं कशासाठी? इचलकरंजी आणि सुरतचा माल पक्क्या बिलावर येतो, असं तुम्हीच लिहिलंय. विक्री 50 लाख, खरेदी 40 लाख धरा. नेहमीच्या जीएसटीत विक्रीवर अडीच लाख, त्यातून खरेदीचे 2 लाख वजा, खिशातून 50 हजार. कंपोझिशनमध्येही 50 हजारच! वाचलं काय, तर थोडी लिखापढी. "कंपोझिशन म्हणजे झंझट नाही" असं ज्याने सांगितलं, त्याने खरेदीची बिलं कधी उघडून पाहिली होती का?

तेव्हा सीएमपी-04 हा फॉर्म भरून कंपोझिशन सोडा. मग 30 दिवसांत आयटीसी-01 हा दुसरा फॉर्म भरलात की कपाटातल्या शिल्लक मालावरचं क्रेडिट मिळतं. त्यासाठी आजच साठ्याची यादी करायला बसा. ही मुदत हुकली तर रडत बसाल. तोवर सीमेपलीकडचं कुरिअर बंद.

आता वेबसाइट. करा, जरूर करा. पान दुसऱ्याचं असलं की नऊ दिवस काय, नव्वद दिवसही बंद राहू शकतं आणि दाद कुठे मागायची ते कळत नाही. पण 96 हजार? साधी साइट 25 हजारांत होते, पुढे साइटचं नाव (डोमेन) आणि ती ठेवायची जागा (होस्टिंग) मिळून वर्षाला पाचएक हजार. एका बस्त्याची सरासरी 30 हजार आणि त्यात 20 टक्के सुटतात असं धरलं तर 6 हजार. म्हणजे चार-पाच जादा बस्त्यांत 25 हजार वसूल. 96 हजारांना सोळा लागतील. पहिल्या पानाची गॅरंटी कुणीही देऊ शकत नाही. देणाऱ्याला दारातूनच चहा पाजून वाटेला लावा. त्या पॅकेजमध्ये डोमेन त्यांच्याच नावावर राहणार, हेही तुमच्या पत्रात आहे. उद्या बिनसलं तर पाटी त्यांची, दुकान तुमचं! नाव तुमच्या ईमेलवर, तुमच्या पैशाने घ्या.

साइटवर पाचशे साड्यांचे फोटो नकोत. नकाशा, फोन, सुट्टीचा वार, नऊवारी कितीपासून, बस्त्याला आधी कळवलं तर माडीवर बसायची सोय, एवढं मराठीत आणि कन्नडमध्ये. चंदगडहून सकाळच्या एसटीने निघणाऱ्या बाईला तेच हवं असतं. शंभर पार्सलांचं स्वप्न मात्र सोडा. पहिल्या वर्षी वीसची तीस झाली तरी पुष्कळ.

सीएंकडे जाताना कुरिअरच्या पावत्यांची फाईल बरोबर न्या आणि मागचं कसं निस्तरायचं ते त्यांनाच विचारा. ती फाडून टाकायचा विचार मनात आला असेल तर सांगतो, दुसरी प्रत कुरिअरवाल्याकडे आहे.