जिथे चित्राचं भागत नाही, तिथलं संगीत

तुम्ही विचारलंय: आवडता पार्श्वसंगीतकार कोण, कुठल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत सगळ्यात आवडतं, आणि वर ‘गाणी सोडून सांगा’ अशी अट. त्या अटीमुळेच लिहायला बसलो. आपल्याकडे हा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला मदनमोहन मोठे की एसडी बर्मन यावर गाडी येते, आणि पार्श्वसंगीत बिचारं मागच्या बाकावर जाऊन बसतं.

मी संगीतातला माणूस नाही, हे आधीच सांगतो. सांगलीत सोळा वर्षं लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतोय. साखरपुडा, हळद, प्री-वेडिंग, अधूनमधून एखाद्या चेअरमनसाहेबांचा वाढदिवस. दृश्याखाली संगीत टाकणं हे रोजचं काम, आणि ते वाईट कसं टाकतात हे मला नीट ठाऊक आहे, कारण बहुतेक वेळा मीच टाकलेलं असतं.

या धंद्यातून एक खोड लागली. आवडलेला प्रसंग मी दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघतो. बरेचदा काही बिघडत नाही. रडणारा रडतोय, पळणारा पळतोय, सगळं कळतं. म्हणजे संगीत तिथे नुसतं हजर होतं. पण काही प्रसंग असे असतात की आवाज गेला की काय चाललंय तेच समजेनासं होतं. माझी यादी त्या प्रसंगांची आहे.

एकच नाव हवं असेल तर बर्नार्ड हर्मन. ‘सायको’, 1960. बाथरूममधल्या खुनाबद्दल सगळेच बोलतात, त्याच्याकडे येतोच, पण त्याआधीचा एक भाग बघा. ऑफिसचे पैसे लांबवून नायिका गाडीतून निघालीय. पडद्यावर काय? स्टिअरिंग धरलेली बाई, समोरचा रस्ता, पुन्हा बाई, मग पाऊस आणि वायपर. आवाज बंद करा, ती बाजारात भाजी आणायलाही निघालेली असू शकते. आवाज चालू करा, की तिच्या पोटातला गोळा तुमच्या पोटात येतो. चित्रात जे नव्हतंच ते व्हायोलिनांनी आणून ठेवलं.

हर्मनने त्या सिनेमात फक्त तंतुवाद्यं वापरली. ना ढोल, ना तुतारी, ना बासरी. सिनेमा काळा-पांढरा, तर आवाजही काळा-पांढरा, असा त्याचा हिशेब. त्यातली खरी मेख मला फार उशिरा कळली. व्हायोलिनच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, एक छोटी चिमटी बसवतात, तिला म्यूट म्हणतात. तिने आवाज दबका, नाकातला होतो. ‘सायको’भर ही चिमटी लावलेली आहे, अगदी सुरुवातीच्या धडधडत्या टायटल संगीतातसुद्धा. काढलीय ती फक्त बाथरूमच्या प्रसंगात. पाऊण तास तुमचा कान त्या दबलेल्या आवाजाला सरावतो आणि मग एकदम सगळी व्हायोलिनं उघडी पडून किंचाळतात. गंमत म्हणजे दिग्दर्शक हिचकॉकला त्या प्रसंगात संगीतच नको होतं. हर्मनने तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने आपला शब्द मागे घेतला. दिग्दर्शकाचं न ऐकणारा संगीतकार आणि ते खपवून घेणारा दिग्दर्शक, हा योग फार क्वचित. त्यांचाही पुढे टिकला नाही, 1966 मध्ये ‘टॉर्न कर्टन’वरून फाटलं ते कायमचं.

व्हायोलिनचा विषय निघालाच आहे तर जरा आडवाटेला जातो. आपल्या हिंदी सिनेमातली ती भरगच्च व्हायोलिनं वाजवणाऱ्यांत गोव्याची माणसं किती होती, हे आपण विसरतो. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मेस्त, म्हणजे गुरुजी, पोरांना सुरावट वाचायला शिकवायचे. ती पोरं मुंबईला आली आणि स्टुडिओत खुर्च्या भरल्या. संगीतकार गुणगुणून चाल सांगायचा. ती चाळीस-पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवायचे सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर. आपण ज्याला ‘अमक्या संगीतकाराचं पार्श्वसंगीत’ म्हणतो, त्यात अशा कुणाची शाई किती हे टायटलवरून कधीच कळत नाही. गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने 1977 मध्ये गुरूचं नाव एका गाण्यात घालून देशभर पोचवलं. लोक आजही ते नाव गातात आणि माणूस काल्पनिक समजतात.

असो. दुसरा प्रसंग ‘जॉज’ या शार्कच्या सिनेमातला. 1975, जॉन विल्यम्स. पेटीवर पांढरी एकचा सा धरला तर फक्त ग आणि म, शेजारशेजारचे दोन सूर, आलटून पालटून. विल्यम्सने पियानोवर वाजवून दाखवले तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्गला वाटलं, हा आपली फिरकी घेतोय. शूटिंगला बनवलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा, त्यामुळे सिनेमाचा बराच भाग शार्क नीट दिसतच नाही. दिसतं ते पाणी आणि पोहणाऱ्यांचे पाय. शार्कचं काम त्या दोन सुरांनी केलंय, आणि पगारही बहुधा शार्कपेक्षा कमीच घेतला असेल.

पण मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळी आहे. मध्ये दोन टारगट पोरं शार्कच्या पाठीवर असतो तसा पुठ्ठ्याचा पर घेऊन पाण्यात शिरतात. किनाऱ्यावर पळापळ, किंकाळ्या, सगळा तोच थाट. आणि ते दोन सूर? अजिबात वाजत नाहीत. पहिल्यांदा बघताना लक्षात येत नाही. दुसऱ्यांदा येतं, आणि मग वाटतं, अरे, यांनी आपल्याला आधीच सांगितलं होतं की शार्क नाहीये. संगीताने प्रेक्षकाशी एक करार केलाय आणि पाळलाय. हल्लीच्या भयपटांत मांजर उडी मारते तरी धाडकन वाजतं. तो करार मोडल्यावर मग खरं भूत आलं तरी काय फरक पडतो?

एन्नियो मोरिकोनेवर लिहायचं तर वेगळं उत्तर लागेल. एवढंच सांगतो की ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’चं (1968) संगीत शूटिंगच्या आधी तयार होतं आणि सेटवर वाजवलं जायचं. नट त्या लयीत चालायचे, कॅमेरा त्या लयीत सरकायचा. आमच्याकडे पोटभर शूट करून झाल्यावर ‘आता याच्याखाली काहीतरी टाक’ म्हणतात, इथे उलटं. त्यात एक माणूस बोलायच्या ठिकाणी माउथ ऑर्गन वाजवतो, बेसूर वाटावा इतका कर्कश. का, ते अगदी शेवटी कळतं. मी सांगणार नाही. एवढ्या जुन्या सिनेमाचं रहस्य फोडलं म्हणून शिव्या खायची हौस नाही.

‘शोले’तला माउथ ऑर्गन त्याच्या अगदी उलट जातीचा. जय ओसरीवर बसून वाजवतोय, वरच्या माडीवर राधा एकेक दिवा मालवतेय. दोघांच्यात शब्द नाही. वाजवला होता पंचमच्या, म्हणजे आरडी बर्मनच्या, ताफ्यातल्या भानू गुप्तांनी. हा प्रसंग आवाज बंद करून बघा: एका बाईचं घरकाम चाललंय, बस.

आता सगळ्यात आवडता तुकडा. आणि इथे माझीही एक फजिती सांगावी लागेल.

‘पथेर पांचाली’, 1955. सत्यजित राय यांनी संगीतासाठी रविशंकर यांना गाठलं तेव्हा त्यांच्याकडे वेळच नव्हता. जवळपास सगळं काम एका रात्रीच्या बैठकीत उरकलं. राहिलेल्या एका जागी कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी स्वतः सतार वाजवली. शेवटाकडे हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो. आपल्या मागे मुलगी गेली, हे त्याला माहीत नाही. गाठोडं सोडून एकेक वस्तू दाखवत बसतो, त्यात त्या मुलीसाठी, दुर्गासाठी, आणलेली साडी निघते. त्याची बायको सर्वजया ती हातात घेते, आणि इतका वेळ धरलेलं सगळं फुटतं. तिचं तोंड उघडतं. पण रडणं ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते, वरच्या सप्तकात, राग पटदीप. तारशहनाई म्हणजे एसराजसारखं गजाने वाजवायचं वाद्य, त्याला धातूचा भोंगा जोडलेला. आवाज तारेचा आणि शहनाईचाही.

खऱ्या रडण्याला वय असतं, गाव असतं, कधी नाटकीपणाही असतो. भोंग्यातून आलेला तो सूर कुणाही आईचा होतो. मी हा प्रसंग कितीतरी वेळा बघितलाय आणि दरवेळी मला आठवतं की मी तिचा आवाज ऐकला होता. ऐकलेला नसतो.

हे बघून मला भलताच हुरूप आला होता. त्या आठवड्यात मिरजेकडच्या एका लग्नाची पाठवणी माझ्याकडे एडिटला होती. मुलगी वडिलांच्या गळ्यात पडून काहीतरी बोलतेय, मागे बँडवाल्यांचा गोंधळ, कुणीतरी ‘गाडी पुढे घ्या’ ओरडतंय. मी मूळ आवाज पूर्ण काढला आणि खाली शहनाई टाकली. स्वतःवर खूश होतो. पेनड्राइव्ह दिला, पैसे मिळाले. चार दिवसांनी मुलीचे वडील दुकानात आले. शिक्षक माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, “दादा, ती शहनाई छान आहे. पण ती काय म्हणाली ते मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं. म्हटलं, व्हिडिओत तरी ऐकू येईल.”

नशिबाने मूळ फाइल हार्ड डिस्कवर होती. हेडफोन लावून बँडचा आवाज जमेल तेवढा खाली दाबला. मुलगी म्हणत होती, “बीपीची गोळी डाव्या खणात आहे.” मी तो तुकडा शहनाईशिवाय परत दिला.

रायना तिथे सूर लागला, मला तिथे गोळी ऐकू यायला हवी होती. दोन्ही एकाच प्रकारचे प्रसंग, उत्तरं उलटी. यावर नियम बनवता येईल असं मला अजून वाटत नाही.

हान्स झिमरचं नाव न घेता उत्तर संपवलं तर तुम्ही मला म्हातारा म्हणाल. ‘इंटरस्टेलर’ (2014) मला आवडतो. दिग्दर्शक नोलनने त्याला अंतराळाबद्दल काहीही न सांगता बाप आणि मूल यांच्याबद्दलचं एक पान दिलं आणि यावर काहीतरी कर म्हणाला. तिथून सगळं सुरू झालं. त्यात घुमतो तो मोठ्या नळ्यांचा ऑर्गन लंडनच्या टेम्पल चर्चमधला. ऑर्गनला वाजायला हवा लागते, म्हणजे तो श्वास घेणारं यंत्र, आणि सिनेमातली माणसं ऑक्सिजनच्या टाकीवर जगतात. हे सगळं मान्य. पण गेली काही वर्षं दर तिसरं जोडपं कृष्णेच्या घाटावर ड्रोन उडवून मला सांगतं, “दादा, याच्याखाली ते इंटरस्टेलरचं टाका.” समोर आयर्विन पूल, हळदीच्या पिवळ्या कुर्त्यातला नवरदेव, आणि खाली कृष्णविवर. झिमरचा यात दोष नाही, माझे कान विटलेत.

मराठीतलं काय, असं कुणीतरी विचारेलच. माझं पहिलं उत्तर तुमच्या प्रश्नातच बसत नाही: ‘कुंकू’, 1937, प्रभात. त्यात पार्श्वसंगीतच नाही. संगीत केशवराव भोळ्यांचं, गाणी आहेत, शांता आपटे चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. पण प्रसंगांखाली वाद्यं नाहीत. घरातले, रस्त्यावरचे आवाज आहेत आणि म्हातारा नवरा व त्याचं भिंतीवरचं घड्याळ आहे. ज्या काळात बोलपट म्हणजे गाण्यांची माळ, त्या काळात शांतारामबापूंनी हे केलं. मन मारून संसार करायला नकार देणाऱ्या मुलीच्या बाजूने एकही व्हायोलिन रडत नाही, म्हणून ती बिचारी वाटत नाही.

भास्कर चंदावरकरांचा ‘सामना’ (1975) तुम्ही गाण्यांमुळे ओळखत असाल. रवींद्र साठ्यांच्या आवाजातलं ‘कुणाच्या खांद्यावर’ मी गाणं धरतच नाही, सिनेमातल्या मास्तरच्या डोक्यात चाललेला विचार धरतो. तुमची अट मोडली, माफ करा.

आणि ‘फँड्री’. पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं, फार कमी आणि फार नेमकं. पण त्यातला ज्याने मी हललो तो प्रसंग त्यांच्याकडेही नाही. नायक जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, डुक्कर तावडीत आलंय, आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर निवांत निघून जातं. कुठला संगीतकार याहून चांगलं काय देणार होता?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की रोज लोकलमध्ये दीड तास हेडफोन लावून ऐकायला काहीतरी हवंय. मोरिकोने चालेल, नुसता ऐकला तरी पोट भरतं. ‘इंटरस्टेलर’ही चालेल, तुमचे कान अजून विटलेले नसतील. ‘जॉज’ आणि ‘सायको’ मात्र तसे ऐकू नका, आधी सिनेमा बघा. आणि तारशहनाईचा तो तुकडा घरी, रात्री, पूर्ण सिनेमा बघत त्या जागी पोचल्यावरच. अर्ध्यावर उडी मारून तिथे जाऊ नका. साडी कुणासाठी आणलीय हे माहीत नसेल तर तो नुसता पटदीप आहे.