पैशाचं बोला : सागाची झाडं बुक करू का?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला असतो, गाव संगमेश्वरकडे, तिथे सव्वा एकर वरकस, म्हणजे भात न होणारी उताराची हलकी जमीन नुसती पडून आहे. एक एजंट मागे लागलाय, म्हणतो आमच्या प्लॉटमध्ये सागाची 100 झाडं 2 लाखांत बुक करा, 20 वर्षांनी झाडामागे 50 हजार म्हणजे सरळ 50 लाख. मुलगी 4 वर्षांची आहे, तिच्या लग्नाला होतील असं बायको म्हणते. करू का?

उत्तर : दादा, एजंटला चहा पाजा आणि वाटेला लावा. आमच्या अण्णांनी 1994 ला असंच सागाचं युनिट घेतलेलं, जाड कागदाचं हिरवं सर्टिफिकेट, वर झाडाचं चित्र, ते अजून कपाटात आहे पण झाडं नक्की कुठे होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, ऑफिसला कुलूप. तेव्हा अशा कंपन्यांचं पेवच फुटलेलं, मग 1999 ला सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि अशा गुंतवणुकींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने नियम केले, लोकांकडून पैसे गोळा करून अशी स्कीम चालवायची तर सेबीचं रजिस्ट्रेशन लागतं. तो नंबर मागून बघा, फोन उचलायचा बंद होईल.

2 लाखांचे 20 वर्षांत 50 लाख म्हणजे वर्षाला साडेसतरा टक्के झाले, आणि खरी गोम लाकडातच आहे. 20 वर्षांचा साग कापला की मधे तांबूस गाभा दिसतो आणि भोवती पांढरट लाकडाची चांगली जाड कड, सुतार पैसे देतो गाभ्याचे, पांढऱ्याला वाळवी लागते. सरकारी जंगलात साग 60-80 वर्षं राखतात, अयोध्येच्या मंदिराला बल्लारपूरहून गेला तो असा जंगलातला. हे लोक भाव त्या सागाचा सांगतात आणि झाडं 20 वर्षांची विकतात. शिवाय 2 मीटरवर लावलेली सगळी झाडं कधीच जाड होत नाहीत, विरळणी करून निम्म्याच्या वर काढावीच लागतात, ते ब्रोशरमध्ये कोण छापणार.

स्वतःच्या वरकसात लावायचा असेल तर जरूर लावा, पण माती खोल हवी, कातळावर किंवा पाणी साचतं तिथे नको. उन्हाळ्याआधी भोवतीचं गवत काढून जाळरेषा ठेवा, नाहीतर एका वणव्यात 8 वर्षं गेली. लावल्या लावल्या सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या, कारण 1964 च्या वृक्षतोड कायद्याने आपल्या जागेतला साग तोडायलाही परवानगी लागते, वर वाहतुकीचा पास वेगळा, आणि नोंद नसली की हेलपाटे. बांधाला माणगा बांबू टाका, 4-5 वर्षांत काठ्या निघायला लागतात, 2017 च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरच्या बांबूला वनकायदा झाड धरत नाही.

त्या 2 लाखांतले दीड लाख यंदा सुकन्या समृद्धीत, म्हणजे मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत टाका, वर्षाची मर्यादा तेवढीच आहे, उरलेले पुढच्या वर्षी. (आणि लग्नालाच का हो, शिकायला नको का तिला?)

सातबारा सामाईक आहे का ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. चुलत्यांची नावं असतील तर जूनमध्ये रोपं लावायच्या आधी, शिमग्याला सगळे गावी जमतील तेव्हाच विषय काढा आणि जे ठरेल ते कागदावर सह्या घेऊन ठेवा.