गुडघा बदलला, पण आईला खाली बसता येईना

प्रश्न: डॉक्टर, आम्ही परभणी जिल्ह्यातले. आई ६४ वर्षांची, गुडघ्याची झीज होती, उजवा गुडघा बदलून १० महिने झाले. चालायलीय चांगली, रात्रीचं ठणकणं गेलं, पण मांडी घालता येईना, गुडघा कटकट वाजतो अन् टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर लागतंय. गल्लीतले म्हणायलेत ऑपरेशन फेल गेलं, आता आई पण तेच म्हणायलीय, डावा गुडघा करायचाच नाही म्हणते. हा गुडघा किती वर्षं टिकंल? शेतात गेली तर चालंल का?

उत्तर: ताई, ऑपरेशन फेल गेलेलं नाही, हे आईला आधी सांगा. सांधा बदलतात तो ठणका थांबावा अन् चालता यावं म्हणून, आणि ते दोन्ही झालंय असं तुम्हीच लिहिलंय. बदललेला गुडघा बहुतेकांचा ११०-१२० अंशांपर्यंत वाकतो, मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला त्याहून जास्त लागतं, काहींना जमतं पण जोर करून बसवू नका. हे ऑपरेशनच्या आधीच नीट सांगायला पाहिजे, कारण आपल्याकडं पंगत, पोथी, भाकरी, संडास सगळं जमिनीवर, मग ते सुटलं की बाईला वाटतं आपण कामातून गेलो. भाकरी ओट्यावर उभं राहून करू द्या, खुर्चीचा कमोड आणा, सप्ताहात खुर्ची न्यायला लाजू नका.

धातू अन् प्लास्टिक एकमेकांवर टेकतं म्हणून वाजतं, दुखत नसंल तर सोडून द्या. चामडीच्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून बधिर लागतं, कमी होत जातं, थोडं कायमचंही राहू शकतं.

टिकण्याचं म्हणाल तर परदेशातल्या मोठ्या नोंदींवरून २०१९ मध्ये हिशोब निघाला, १०० पैकी साधारण ८० गुडघे २५ वर्षं टिकतात.

शेतात जाऊ द्या, चालणं चांगलंच आहे, पण बसून खुरपणं नको, डोक्यावर ओझं नको, आणि पाऊस पडल्यावर आपल्या काळ्या रानात अजिबात नको, पाय घसरून पडल्या तर सांध्याजवळचं हाड मोडतं अन् ते दुरुस्त करणं फार अवघड जातं. आणि हात जोडून सांगतो, त्या गुडघ्यात गावातल्या कुणाकडूनही इंजेक्शन घेऊ नका, जंतू आत गेला तर सगळा सांधा काढायची वेळ येते. गुडघा अचानक लाल झाला, सुजला, ताप आला किंवा टाक्यातून पाणी आलं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरकडं जा, मनानं गोळ्या देऊ नका.

डाव्याची घाई नाही. झोप मोडायली, घराबाहेर पडणं बंद झालं, तेव्हा विचार करा. तोवर दोन्ही मांड्यांचा व्यायाम रोज चालू ठेवा, डावा केला की सुरुवातीला सगळा भार ह्याच उजव्या पायावर येणार, अन् शुगर असंल तर ती आटोक्यात आणूनच तारीख घ्या.